वरचा मजला रिकामा असतो तेव्हा

पिपरी मेघेत कोणी सहलीला येत नाही. वर्धा शहराला आर्वी रोडच्या अंगाने चिकटलेलं हे गाव कागदावर ग्रामपंचायतीचं, जनगणनेच्या लेखी शहर आणि प्रत्यक्षात लेआउटांचं. दुमजली घरं, खाली मालक, वर एक-दोन खोल्या, गच्चीवर काळी टाकी. मुलं पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागली की वरचा मजला मोकळा होतो. पूर्वी तिथे भाडेकरू ठेवत. आता मोबाइलवर फोटो टाकून तो रात्रीच्या हिशेबाने देता येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे जातात. मग एखादा जुलै असा येतो की पंधरा-पंधरा दिवस फोन वाजत नाही, धुतलेल्या चादरी घडी घातल्या तशाच राहतात आणि घरकर्जाचा हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता जातो.

अशा वेळी यजमानाला जो सल्ला मिळतो तो बहुतेक समुद्रकिनाऱ्यावरून किंवा थंड हवेच्या ठिकाणाहून आलेला असतो. दर उतरवा, फोटो बदला, मोसमाची वाट बघा. गोव्यात किंवा तारकर्लीत तो खरा आहे. तिथे पाहुणा हवा-पाणी पाहून येतो आणि पावसाळ्यात समुद्र बंद झाला की थांबतो. वर्ध्याच्या पाहुण्याचं तसं नाही. तो कामाला येतो. कुणाची आई भरती असते, कुणाच्या मुलीचा प्रवेश असतो, कुणाच्या साळ्याचं लग्न असतं, कुणाला विद्यापीठात मुलाखत द्यायची असते. म्हणून इथली मंदी समजून घ्यायची तर आकाशाकडे बघून चालत नाही. कोणतं काम कोणत्या महिन्यात थांबतं ते बघावं लागतं.

आणि हे आजचं नाही. गांधीजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले ते ३० एप्रिल १९३६ ला, म्हणजे वर्ध्याचं ऊन डोक्यावर असताना. १९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला आठवडाभर राहिला, तर उकाड्यापायी पाण्याच्या टबात खोकं टाकून, त्यावर बसून टाइप करायचा. पुढच्याच महिन्यात, ऐन पावसाळ्यात, काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला भरली आणि १४ जुलैला इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव तिथे झाला. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज त्याआधी फेब्रुवारीत वारले होते, पण त्यांनी आपल्या बजाजवाडीत लावून दिलेली पाहुण्यांची रीत चालूच होती. देशभरचे पुढारी या गावात उन्हा-पावसाचा विचार न करता येत राहिले, कारण काम इथे होतं. गाव तेच आहे, कामं बदलली.

आताची सगळ्यांत मोठी कामं दोन रुग्णालयांभोवती आहेत. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आणि त्याला जोडून १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान. सावंगी मेघेला १९९० पासूनचं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून, शिवाय तेलंगण आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवरून माणसं इथे येतात. पिपरी मेघे या दोन्हींच्या दारात नाही. पण ऑटोने जाता येईल इतकं जवळ, आणि रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या गलक्यापासून दूर आहे. रात्री झोप लागावी एवढीच अपेक्षा असलेल्या नातेवाइकाला हे चालतं.

रुग्णालयाच्या पाहुण्याचं एक वैशिष्ट्य यजमानांच्या लक्षात उशिरा येतं. त्याचं येणं डॉक्टरच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. कर्करोगाच्या रेडिएशनला माणूस सहसा सोमवार ते शुक्रवार रोज जातो, आणि कित्येकदा हे पाच-सात आठवडे चालतं. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, त्यामुळे भरती करून घेत नाहीत. पण राळेगाव किंवा वरोऱ्याहून रोज येणं-जाणं आजारी माणसाला झेपत नाही. केमोथेरपीचे फेरे अनेकदा २१ दिवसांच्या अंतराने येतात. गुडघा बदललेल्या माणसाला घरी सोडल्यावर टाके काढायला साधारण दोन आठवड्यांनी परत यावं लागतं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. यातला एकही कागद पावसाळा, चातुर्मास किंवा शाळेच्या सुट्ट्या विचारत नाही. ज्या जुलैत यजमान "मंदी आहे" म्हणतो, त्याच जुलैत रुग्णालयांत तापाचे, सर्पदंशाचे रुग्ण वाढलेले असतात. नातेवाईक गावात आहेत. ते फक्त ॲपवर खोली शोधत नाहीत. ते पानठेल्यावर, मेडिकल स्टोअरवर, ऑटोवाल्याला विचारतात, "भाऊ, बाबाले भरती केलं, चार-पाच दिवसासाठी खोली भेटन का?"

म्हणजे मागणी आणि खोली यांच्यामध्ये मोबाइलची काच आहे. ती ओलांडायला फार खर्च लागत नाही. दोन-तीन भरवशाचे ऑटोवाले, एक औषधांचं दुकान, डबा देणाऱ्या एक-दोन काकू यांच्याकडे आपला नंबर असला तर मंदीतल्या निम्म्या रात्री भरू शकतात. ऑटोवाल्याला दर गिऱ्हाइकामागे काही द्यावं की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझ्या मते ठरवून, एकाच आकड्यात, उघडपणे द्यावं. पाहुण्याच्या भाड्यात लपवून देऊ नये, कारण आजाऱ्याच्या माणसाला सगळीकडून असंच कापलेलं असतं.

या पाहुण्याला काय हवं असतं तेही पर्यटकापेक्षा वेगळं. भिंतीवरचं वारली चित्र आणि झोका नसला तरी बिघडत नाही. त्याला हवा असतो कमोड, न्हाणीघरात धरायला एक दांडी, गॅसची शेगडी, मुगाची खिचडी टाकायला कुकर, आणि औषधं ठेवायला फ्रिजमध्ये एक कप्पा. जिना किती पायऱ्यांचा, कठडा आहे का, खालच्या खोलीचा उंबरठा किती उंच, हे फोटोच्या खाली लिहिलेलं कुठेच सापडत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला मात्र तेवढंच वाचायचं असतं. ज्या घरात सासू-सासरे खालच्या मजल्यावर आणि भाड्याची खोली वर आहे, तिथे मंदीच्या दोन महिन्यांपुरती खालची एक खोली मोकळी करता आली तर तिला वरच्या दोन खोल्यांपेक्षा जास्त मागणी असते.

रुग्णालयाबाहेरची कामं मात्र थांबतात आणि सुरू होतात, आणि तिथे कॅलेंडर उपयोगी पडतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई चालू होते, विदर्भात ती मे आणि जूनच्या सुरुवातीपर्यंत जोरात असते, आषाढी एकादशीला बंद पडते ती कार्तिकीपर्यंत. लग्नाच्या वऱ्हाडावर ज्याचं घर चालतं त्याचे हे चार महिने कोरडेच जाणार, त्यात दर उतरवून काही फरक पडत नाही, कारण लग्नच नाही. ऑगस्टपासून वैद्यकीय आणि नर्सिंगच्या प्रवेशफेऱ्या सुरू होतात. आईवडील मुलीला सोडायला येतात, एक-दोन रात्री राहतात, वसतिगृहाची गादी, बादली, कूलर घेऊन देतात आणि जातात. उमरीच्या टेकड्यांवरच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परिसंवाद, मुलाखती, मौखिक परीक्षा असतात. २ ऑक्टोबरला सेवाग्राम भरतं, नोव्हेंबरच्या मध्याला विनोबांच्या पुण्यतिथीच्या सुमारास पवनारला जुने सर्वोदयी एकत्र येतात, हिवाळ्यात शाळांच्या सहली. बोर व्याघ्र प्रकल्प, २०१४ साली घोषित झालेला आणि देशातल्या अगदी लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडणारा, पावसाळ्यात बंद असतो आणि ऑक्टोबरात उघडतो. पण तिथला पाहुणा हिंगणीकडे मुक्काम शोधतो, पिपरीपर्यंत क्वचितच पोचतो. २०२३ च्या ३ ते ५ फेब्रुवारीला वर्ध्यात ९६ वं मराठी साहित्य संमेलन झालं. असे तीन दिवस आले की घ्यावेत, पण त्याआधीचं वर्ध्यातलं संमेलन १९६९ सालचं होतं. चौपन्न वर्षांनी एकदा येणाऱ्या गर्दीवर कोणी हप्ता बांधत नाही.

आता दर उतरवण्याकडे येऊ. हा उपाय अगदी टाकाऊ नाही. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, हे विमान कंपन्यांनी चाळीस वर्षांपूर्वी ओळखलं आणि उरलेल्या खुर्च्या स्वस्तात विकायचं शास्त्रच उभं केलं. पण विमानात एक माणूस वाढला तर खर्च जवळजवळ वाढत नाही. घरात वाढतो. समजण्यापुरता हिशेब मांडू. खोलीचं भाडं रात्रीला १,२०० रुपये धरा. चादरी-टॉवेल धुणं आणि खोली झाडून-पुसून घेणं यांचे २५० रुपये, एसीची वीज ११०, चहा-साबण-पाण्याचे ५०, मिळून ४१०. ॲपचं कमिशन १५ टक्के धरलं तर १८०. हातात उरले ६१०. आता मंदी म्हणून भाडं ७०० केलं. कमिशन १०५ झालं, पण चादर तेवढीच मळली आणि एसी तेवढाच चालला. उरले १८५. भाडं जेमतेम चाळीस-बेचाळीस टक्क्यांनी उतरलं आणि मिळकत सत्तर टक्क्यांनी. तीन पाहुण्यांची उठबस करून पूर्वी एका पाहुण्यात मिळायचे तेवढेही पैसे हाती येत नाहीत.

शिवाय खाली उतरून उतरणार कुठे? सेवाग्राम आश्रमासमोर यात्री निवास आहे, रुग्णालयांच्या आवारात नातेवाइकांच्या राहण्याच्या स्वस्त सोयी आहेत, शहरात धर्मशाळा आहेत. त्या दराशी घरगुती खोलीने स्पर्धा करू नये. ती हरणारच, आणि हरावीच, कारण त्या सोयी ज्यांच्यासाठी आहेत त्यांना त्या लागतात.

तिसरी गोष्ट बोलायला लोक कचरतात. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. वस्तीपासून जरा बाजूला असलेलं रिकामं घर आणि पडलेला दर हे दोन्ही एकत्र दिसले की शनिवारी रात्री "फक्त चार मित्र, वाढदिवस आहे काका" असा फोन येतोच. भाडं ८०० मिळतं आणि सकाळी गच्चीवर बाटल्या. इतर जिल्ह्यात ही कटकट ठरते, इथे ते सरळ गुन्ह्याचं प्रकरण होऊ शकतं, आणि शेजारी त्या घराकडे कायम वेगळ्या नजरेने बघायला लागतात. मंदीत दर पाडला की आधी न येणारे लोक येतात हे खरं; त्यातले सगळेच हवे असतात असं नाही. ओळखपत्र प्रत्येकाचं घ्यावं, वहीत सही घ्यावी, आणि स्थानिक पत्त्याच्या चार मुलांना एका रात्रीसाठी खोली का लागते हा प्रश्न विचारायला लाजू नये.

मग दर न पाडता मिळकत राखायची कशी? इथे एक जुना धडा उपयोगी आहे. १९१९ साली कॉनराड हिल्टन टेक्ससमधल्या सिस्को या गावी बँक विकत घ्यायला गेला आणि घेऊन बसला मोब्ली नावाचं हॉटेल. तेलाच्या विहिरींवरचे कामगार तीन पाळ्यांत राबत होते, म्हणून त्याने पलंग आठ-आठ तासांनी दिले. एक उठला की दुसरा झोपला. विकायचं माप रात्रीवरून पाळीवर आणलं. वर्ध्यात नेमकं उलट करायला हवं. माप रात्रीवरून आठवड्यावर आणि महिन्यावर न्यायला हवं.

वरचाच हिशेब पुढे नेऊ. त्याच खोलीत एक माणूस ७०० रुपयांनी सलग सात रात्री राहिला तर भाडं ४,९००. पण चादरी सातदा बदलत नाहीत, दोनदा बदलतात, म्हणजे ५०० रुपये. वीज ७७०, बाकीचं ३५०, कमिशन ७३५. उरले २,५४५. तेच आठवडाभर १,२०० चा दर धरून बसलो आणि दोन रात्री भरल्या तर १,२२० उरतात. म्हणजे दर उतरवणं वाईट नव्हतं. एकेका रात्रीसाठी उतरवणं वाईट होतं. महिन्याचं गणित तर आणखी सोपं. महिन्याला १२,००० रुपये, वीज सबमीटरप्रमाणे वेगळी, झाडणं-धुणं राहणाऱ्याचं, कमिशन नाही. रात्रीच्या हिशेबात एवढे पैसे हाती यायला महिन्यात २० रात्री पूर्ण दराने भराव्या लागतात. जुलैमध्ये २० रात्री भरणार नाहीत याची खात्री असेल तर जुलै कोणाला तरी अख्खा देऊन टाकावा. असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. रेडिएशनचा रुग्ण आणि त्याची बायको, रुग्णालयात इंटर्नशिपला आलेली मुलगी, वर्धा-नांदेड रेल्वेमार्गावर काम करणारा ठेकेदाराचा अभियंता, बदली होऊन आलेला आणि कुटुंब अजून न आणलेला बँकेचा अधिकारी. करोनाच्या काळात जगभर हेच झालं. प्रवास बंद पडला आणि घरं महिन्याच्या बोलीने जाऊ लागली. २०२१ च्या पहिल्या तिमाहीत एअरबीएनबीवर बुक झालेल्या रात्रींपैकी सुमारे २४ टक्के रात्री २८ दिवस किंवा त्याहून लांब मुक्कामाच्या होत्या.

महिन्यावर गेलं की कायद्याची बाजू बदलते, आणि इथे हलगर्जी करू नये. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची. "दोनच महिने तर आहेत, ओळखीतले आहेत" म्हणून सोडून दिलेला कागद नंतर डोकेदुखी होतो. जीएसटीचंही माहीत असावं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर यजमानाला सहसा स्वतःची नोंदणी लागत नाही, पण ॲपवरून आलेल्या बुकिंगवरचा कर ॲप भरतं आणि तो पाहुण्याच्या बिलात दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे. आधी १२ होता. उलट, सलग ९० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याला महिन्याला माणशी २० हजारांपर्यंतच्या दराने दिलेल्या निवासाला २०२४ च्या जुलैपासून सूट आहे. सेवाग्रामच्या ओढीने एखादा जपानी किंवा जर्मन पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते, मग मुक्काम एका रात्रीचा असो की महिन्याचा.

ॲपवर आलेल्या पाहुण्याला मधेच फोडून "थेट द्या, कमिशन वाचेल" म्हणणं ॲपच्या नियमांत बसत नाही आणि शोभतही नाही. थेट येणारे नातेवाईक मुळात ॲपवर नसतातच. त्यांच्यासाठी वेगळी वही पुरे.

रिकाम्या खोलीला मात्र स्वतःचा एक खर्च असतो, आणि वर्ध्याच्या हवेत तो लवकर दिसतो. मे महिन्यात आठ-दहा दिवस खोली बंद राहिली आणि उघडली की न्हाणीघरातून गटाराचा भपकारा येतो. लोक फिनाइल ओततात, अगरबत्ती लावतात. कारण साधं आहे. फरशीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणीच खालच्या वायूला वर येऊ देत नाही. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ते आटतं, बूच निघाल्यासारखं होतं, वास वर येतो आणि मागोमाग झुरळं. चार दिवसांनी एक तांब्या पाणी ओतलं की झालं. जास्त दिवस बंद राहणार असेल तर त्या पाण्यावर चमचाभर खाद्यतेल टाकावं. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. कमोडचंही तसंच, म्हणून बंद खोलीत अधूनमधून फ्लश ओढावा. पाहुण्याने खोलीत पाऊल टाकताच नाकाला जे कळतं त्याचं तारांकन तो जाताना देतो.

कूलरचं उलट. कूलर गार करतो तो पाणी हवेत उडवून, आणि पाणी उडण्यासाठी हवा कोरडी लागते. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या बसवलेला साधा कूलर इथे एसीच्या जवळपास काम करतो आणि वीज फार कमी खातो. जुलैमध्ये तोच कूलर खोली दमट करतो, गादीला ओल येते, कपाटात बुरशी धरते. पाऊस लागला की तो रिकामा करून, सुकवून, बाजूला ठेवावा. ताट्या त्याच्यातच सडू देऊ नयेत. उन्हाळ्यातली मंदी मात्र बऱ्याचदा आपणच ओढवून घेतो. स्लॅबखालच्या वरच्या खोलीत रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो आणि टाकीचं पाणी अंगावर घेता येत नाही. एक पाहुणा तसं लिहून जातो आणि पुढचा मे रिकामा जातो. मार्चमध्ये गच्चीला चुन्याचा जाड हात, टाकीवर सावली आणि एक चांगला कूलर यांचा खर्च दर उतरवण्यात घालवलेल्या पैशांपेक्षा कमी पडतो. फिशरच्या टबापर्यंत पाहुण्याला जाऊ देऊ नये.

जमीन काळी, भारी मातीची. उन्हाळ्यात ती आकसते, भिंतींना भेगा पडतात. पावसात फुगते, दारं चौकटीत अडकतात. मे महिन्यात भेगा सगळ्यांत रुंद दिसतात म्हणून लोक तेव्हाच भरून रंग देतात, आणि पावसाळ्यानंतर तो रंग फुगतो किंवा सुटतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग उन्हाळ्यात करावं हे बरोबर, पण आतला रंग पाऊस ओसरल्यावर, भिंत सुकल्यावर, दिवाळीच्या आधी. पाऊस ओसरल्यानंतरचा तो पंधरवडा या कामाला सोन्यासारखा, कारण तेव्हा लग्नंही नसतात आणि सहलीही नसतात. उधईचं औषध मारून घ्यायचं तेही पाहुणे नसताना, कारण त्या वासात कोणी झोपत नाही.

पैशाची बाजू राहिली. वर्धा जिल्ह्यातला कापूसवाला शेतकरी वर्षाचे पैसे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहतो आणि जूनला पेरणीसाठी हात रिकामा राहू नये म्हणून त्यातूनच बाजूला काढतो. यजमानाची वर्षाची रचना जवळपास हीच आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आलेल्या प्रत्येक हजारातून दोन-अडीचशे रुपये वेगळ्या खात्यात टाकले तर जुलै-ऑगस्टचे हप्ते निघतात, आणि मंदीत हातघाईवर येऊन दर पाडायची वेळ येत नाही. घरकर्जाचा हप्ता फक्त या मिळकतीवर बांधणं धोक्याचं. नवीन फर्निचर, दुसरा एसी, जिन्याला ग्रॅनाइट हे सगळं डिसेंबरच्या गर्दीत सुचतं. ते मनात आलं की आधी मागच्या जुलैची वही उघडावी.

वही हा शब्द मुद्दाम वापरतो. ॲप सांगतं किती रात्री भरल्या. पाहुणा कशासाठी आला होता ते सांगत नाही. तारीख, गाव, किती रात्री, कोणतं काम, कोणाकडून आला, एवढ्या पाच रकान्यांची वही वर्षभर भरली की आपल्या घराचं खरं कॅलेंडर तयार होतं. मग कळतं की "पर्यटक" म्हणून लिहिलेले निम्मे लोक प्रत्यक्षात रुग्णाला भेटायला आलेले होते आणि जाता जाता सेवाग्रामची बापूकुटी पाहून गेले. सरकारी योजनांचा विचारही ही वही हातात घेऊनच करावा. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेत घर नोंदवता येतं; महिलांसाठीच्या २०२३ च्या 'आई' धोरणात पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. व्याज परत मिळतं म्हणून कर्ज काढून तिसरा मजला चढवू नये. दुसऱ्या मजल्याच्या किती रात्री रिकाम्या जातात ते आधी मोजावं.

गर्दीच्या दिवसांत दर दुप्पट करायचा का, हाही प्रश्न याच वहीशी जोडलेला आहे. लग्नाच्या वऱ्हाडाकडून जास्त घेतलं तर ते घासाघीस करतात, देतात, विसरतात. पण ज्याचा बाप अतिदक्षता विभागात आहे त्याच्याकडून शेवटची खोली म्हणून दुप्पट घेतले तर तो ते यवतमाळला परत जाऊन दहा जणांना सांगतो, आणि पुढच्या जुलैत ऑटोवाला आपल्या दारात थांबत नाही. दोन दरपत्रकं असावीत, आणि रुग्णालयाच्या पाहुण्याचं दरपत्रक बारमाही एकच असावं.

दोन वर्षांच्या वह्या समोर ठेवल्यावर काही घरांना असंही दिसेल की महिन्याला सरासरी २० रात्री कधीच भरल्या नाहीत, डिसेंबरातही नाहीत. घर गल्लीच्या आत, ऑटो तिथवर येत नाही, जिना अरुंद, खाली एकट्या आजी. अशा घराने रात्रीचं भाडं बंद करून वर्षाचा भाडेकरू ठेवावा. सावंगी आणि सेवाग्रामच्या नर्सिंग आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ज्या मुलींना वसतिगृहात जागा मिळत नाही, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात खोल्या शोधतात. त्यांच्या आईवडिलांना इंटरनेटपेक्षा आधी खाली कोण राहतं हे बघायचं असतं, आणि खाली आजी असणं हीच तिथे त्या घराची जमेची बाजू ठरते.